काटा कशाने हलला

आईचा उजवा खांदा आखडला त्या वर्षी मी नुकतीच नोकरीला लागले होते. ऐंशीचं दशक निम्म्याहून पुढे सरलं होतं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो. आईला वेणी घालायला हात वर नेता येईना. मांडणीवरचा वरचा डबा हवा असला की ती मला हाक मारायची, आणि मी घरी नसले की त्या दिवशी त्या डब्यातलं काही शिजायचं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून ती मागच्या गल्लीतल्या ताईंकडे शेक घ्यायला जाऊ लागली.

ताई फिजिओथेरपिस्ट होत्या. पण तो शब्द तेव्हा आमच्या भागात कोणाच्या तोंडात बसत नव्हता. लोक त्यांना ‘शेकवाल्या ताई’ म्हणायचे. एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत त्या आणि त्यांच्या दोन मुली. यजमान अपघातात गेले होते. दवाखान्यात एक लोखंडी खाट, एक पडदा आणि ते मशीन. करड्या रंगाचं, कमरेएवढ्या उंचीचं, दोन जाड वायरींच्या टोकाला दोन गाद्या. गाद्या खांद्याच्या पुढे-मागे ठेवायच्या, बटण फिरवायचं, की आतल्या आत ऊब येत जायची. रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या लहरी मांसात शिरून ती ऊब देतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे मला त्याचं फार कौतुक. आईला कौतुक ताईंच्या हातांचं. शेकानंतर त्या तिचा हात धरून हळूहळू वर न्यायच्या, आणि आई ओरडली की म्हणायच्या, “ओरडा, ओरडा. ओरडल्याने खांदा सुटतो.”

दिवाळीच्या आत हात वर गेला. आईने स्वतःची वेणी स्वतः घातली, ती वाकडी आली, आणि तशीच वाकडी वेणी घेऊन ती ताईंना दाखवायला गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी संध्याकाळी घरी आले तर ताई आमच्याकडे बसलेल्या. समोरचा चहा गार झालेला. सोसायटीने त्यांना नोटीस दिली होती. त्यांच्या मशीनमुळे सगळ्या इमारतीच्या टीव्हीवर पट्टे आणि मुंग्या येतात, तेव्हा महिन्याभरात मशीन बंद करावं, नाहीतर जागा सोडावी.

“येतात का खरंच पट्टे?” मी विचारलं.

“येतात ना. माझ्या मुली मैत्रिणीकडे बघायला जातात, त्या सांगतात. पण माझ्याकडे टीव्ही नाही. मी कशी बघू, आणि काय सांगू?” त्यांनी गार चहाचा कप बाजूला सारला. “अगं, मलाच कधी कधी वाटतं की असेल आपल्यामुळेच. दवाखाना संध्याकाळचा, टीव्हीही संध्याकाळचा. कोणालाही तसंच वाटणार.”

आई माझ्याकडे बघत होती. तिचा उजवा हात पदर सारखा करायला सहज वर गेला, आणि तेवढं मला पुरलं.

ठाण्यात माजिवड्याच्या जवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये मी नोकरी करायचे तो छोटा कारखाना होता. आम्ही पाच-सहा जण. मालकांना सगळे सर म्हणायचे. ते पूर्वी सरकारी रेडिओ खात्यात होते. कुठल्या स्टेशनच्या लहरी कुठे किती जोरकस पोचतात हे मोजत त्यांनी निम्मा देश पालथा घातला होता. निवृत्तीनंतर त्यांनी ते मोजण्याची यंत्रं दुरुस्त करायला आणि थोडीफार बनवायला सुरुवात केली. यंत्र म्हणजे एक जड पेटी, तिच्यावर काट्याचा मीटर आणि स्टेशन लावायची चकती. पेटीला एका लांब वायरीने अँटेना जोडायची. अँटेना हवेतल्या लहरी पकडते आणि त्यांच्या जोराप्रमाणे काटा हलतो.

मी सरांना ताईंची हकीकत सांगितली आणि भीत भीत यंत्र मागितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मीटर ने. पण मी येणार नाही. तू मोज आणि मला येऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले. बातमी आधीच पोचली होती. दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे, त्यांच्यामागे आठ-दहा माणसं, त्यांच्या पायांतून पोरं आत डोकावतायत. सेक्रेटरी एका बँकेत नोकरीला होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अदबशीर. “मॅडम, आमचं बाईंशी काही वाकडं नाही. पण एकशेवीस माणसं राहतात इथे. त्यांनाही संध्याकाळी दोन घटका करमणूक हवी.” ते खोटं बोलत नव्हते.

मी पेटी ताईंच्या स्टीलच्या टेबलावर ठेवली. यंत्राच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या म्हणून भिंतीवरच्या प्लगमध्ये पिन घातली. अँटेना खाटेच्या लोखंडी दांडीला बांधली. “ताई, सुरू करा.” त्यांनी बटण फिरवलं, आणि काटा उजवीकडे जाऊन असा आपटला की टक्क असा आवाज आला.

“बघा!” मागून कोणीतरी म्हणालं.

ताईंनी मशीन बंद केलं. काटा खाली आला, पण पूर्ण नाही. मी जरा वाकले तर तो चढला. सेक्रेटरी बघायला पुढे झाले तर उतरला. दाराशी एक मुलगा हसत हसत मागे सरकला तर परत थोडा चढला. मला काही कळेना. कोणाला काही सांगण्याइतकी खात्री माझ्याकडे नव्हती, म्हणून मी एवढंच म्हटलं, “आज नुसतं पाहून जाते. मोजायला परत येईन.” सेक्रेटरींनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. ताईंच्याही. त्या पडद्याआड जाऊन खाटेवरची चादर सारखी करत बसल्या, जी आधीच सारखी होती.

सकाळी सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “अँटेना काढून, तिथे टोपण लावून पाहिलंस?”

“नाही सर.”

“अँटेना नसताना काटा हलायला नको. तरीही हलला, तर ते हवेतून आलेलं नाही. दुसऱ्या वाटेने शिरलंय. तू पिन कुठे घातलीस?”

“दवाखान्याच्याच प्लगमध्ये.”

“मशीन त्याच लाइनवर. म्हणजे मशीनची सगळी घाण वायरीतून सरळ तुझ्या मीटरच्या पोटात गेली. टीव्हीवाल्यांच्या अँटेनापर्यंत ती जाते की नाही, हे तुला अजून माहीतच नाही.” ते रागावले नव्हते. रस घेऊन बोलत होते. “आणि तू वाकलीस की काटा चढतो, कारण तुझं अंगही लहरी अडवतं, परतवतं. लोखंडी खाट तर अँटेनाचा भागच होऊन बसली. आता सांग, काटा कशाने हलला?”

त्यांनी मीटरच्या काचेवर बोटाने टिचकी मारली.

“काटा हलला, एवढंच माहीत आहे आपल्याला. कशाने हलला, ते शोधायचंय.”

मला वाटलं आता ते स्वतः येतील. पण ते म्हणाले, आधी जिथे काहीच अडथळा नाही अशा जागी जाऊन हे यंत्र काय करतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ. एकदा चांगलं मोजमाप कसं दिसतं ते पाहिलंस की वाईट मोजमाप तुला लांबून ओळखू येईल. प्रश्न होता जागेचा. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जिथे बघावं तिथे विजेच्या तारा, रेल्वेच्या तारा, पत्र्याच्या शेडी, लोखंडी गजांच्या इमारती. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, “खाडी.”

आमच्या घराकडून खाडी पायी जाण्याजोगी होती. आई बाजारात ज्यांच्याकडून कोळंबी घ्यायची, त्या काकींचं घर तिथेच काठावर होतं. त्यांच्या घरची लाकडी होडी होती, वल्ह्यांची. आईने त्यांच्या कानावर घातलं. काकींनी मला पाटीमागूनच न्याहाळलं आणि विचारलं, “मशीन कंची गो तुजी? फुटंल का?”

मी म्हटलं, पाण्यात पडलं तर फुटेल.

“मग पारू नको.” विषय संपला. रविवारी सकाळी भरती लागली की या, असं ठरलं.

सर आपल्या जुन्या गाडीने आले. किनाऱ्यावर गाडी लावून त्यांनी बॉनेट उघडलं आणि गाडीची बॅटरी काढायला घेतली. यंत्राला भिंतीतली वीज नको म्हणून ही बॅटरी. “तुमची गाडी?” मी विचारलं. “ती कुठे जातेय?” ते म्हणाले. ती बॅटरी पुढे आठवडाभर माझ्याकडे राहिली, आणि सर तेवढे दिवस बसने कामावर येत राहिले. हे मला नंतर, दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

काकींचे यजमान वल्ह्यावर बसले, काकी मध्ये, मी पुढे. अँटेना एका बांबूवर बांधलेली, बांबू होडीच्या फळीला सुंभाने आवळलेला. काकांनी स्वतःच्या हाताने गाठ मारली आणि हलवून बघितली. सरांनी एक छोटी पेटी किनाऱ्यावर स्टुलावर ठेवली होती. ती एकसारख्या जोराच्या लहरी सोडत होती. आम्ही जसजसे लांब जाऊ तसतसा काटा अलगद उतरत जायला हवा. पाणी सपाट, वर तार नाही, शेजारी भिंत नाही, आणि होडी पाण्याबरोबरच वर-खाली होत असल्यामुळे अँटेनाची पाण्यापासूनची उंची कायम तेवढीच.

पण काटा अलगद उतरेना. थोडा उतरायचा, मग उगाच चढायचा. मी कावरीबावरी झाले. किनाऱ्यावरून सर ओरडले, “नांगर!” माझ्या पायापाशीच होडीचा लोखंडी नांगर होता. काकांनी तो उचलून आपल्याकडे घेतला. काटा जरा शहाण्यासारखा वागू लागला, पण अजून पूर्ण नाही. मग मी टोपण लावून पाहिलं, तर काटा शून्यावर पडून राहिला. म्हणजे जे येतंय ते हवेतूनच येतंय, पेटीचं पोट साफ आहे. मग राहिली वायर. ती मी अँटेनाच्या आडव्या दांड्यालगत गुंडाळून बांधली होती, छान दिसावी म्हणून. मी ती सोडली आणि दांड्याला काटकोनात, सरळ खाली घेतली. वायर स्वतःच अँटेना झाली होती, ती आता तिच्या कामापुरती वायर झाली. मी होता होईल तेवढी मागे सरकून बसले.

“आता नेऊ?” काकांनी विचारलं.

त्यांनी वल्ही मारली. किनारा लांब जाऊ लागला, आणि काटा इतका अलगद, इतका बेताने खाली येऊ लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागदावर शिकलेलं काहीतरी खरंच तसं असतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. काकी माझ्याकडे बघत होत्या.

“काय जालं गो? वाईट जालं?”

“नाही काकी. बरोबर आलं.”

“मग रडतंस कशाला? आमी बरोबर आलं की जेवतो.” त्यांनी डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. अर्धी मला दिली. सर किनाऱ्यावर छत्री उघडून स्टुलाशेजारी उभे होते आणि आम्ही खाडीच्या मध्यावर जेवत होतो.

उतरताना मी काकांना काही देऊ लागले तर ते बघायलाच तयार होईनात. काकी म्हणाल्या, “आईला सांग, सोमवारी बोंबील चांगला हाय.” त्यांच्याकडून मला त्या दिवशी जे मिळालं त्याची परतफेड बोंबील घेऊन होणार नव्हती, पण आम्ही पुढची कित्येक वर्षं ते घेतले.

आता इमारत. मी सेक्रेटरींना गाठलं आणि पुढच्या रविवारी सकाळी एक तास मागितला. त्या तासात मी सांगेन त्याप्रमाणे सगळ्या घरांनी टीव्ही बंद-चालू करायचे. रविवार सकाळ हे त्या काळी काय प्रकरण होतं ते आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. पौराणिक मालिका लागली की रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. सेक्रेटरी माझ्याकडे बघतच राहिले.

“मालिका संपल्यावर,” मी घाईने म्हटलं. “मागून दुसरे कार्यक्रम असतात, ते लागले की.”

ते विचारात पडले. “मॅडम, त्या दिवशी काटा आपटला तो आम्ही सगळ्यांनी पाहिला.”

“हो. मशीन माझ्याच प्लगच्या लाइनवर होतं, म्हणून आपटला. आणखी एक विचारू? रविवारी ताईंचा दवाखाना बंद असतो. रविवारी सकाळी पट्टे येतात का?”

“येतात. लोक म्हणतात, बाई गुपचूप लावतात.”

“तुम्हाला काय वाटतं?”

त्यांनी खिशातलं एक पेन काढून परत लावलं. “रविवारी सकाळी त्या मुलींच्या वेण्या घालत दारात बसलेल्या असतात,” ते म्हणाले. “या तुम्ही. मी सांगतो सगळ्यांना.”

त्या रविवारी गाडीची ती जड बॅटरी गच्चीवर सेक्रेटरींनी स्वतः उचलून नेली, तेही इस्त्रीच्या शर्टात. गच्चीवर अँटेनांचं रान माजलेलं. मुंबईहून येणाऱ्या लहरी आमच्याकडे पोचेपर्यंत मंदावायच्या, म्हणून बहुतेक अँटेनांना बूस्टर, म्हणजे लहरींचा जोर वाढवणारी डबी लावलेली. मी त्या सगळ्यांपासून लांबचा कोपरा धरला. सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी तिवईवर अँटेना, वायर सरळ खाली, पेटी लांब, मी पेटीच्याही मागे. बाकी कोणी गच्चीवर यायचं नाही. सेक्रेटरी जिन्याच्या तोंडाशी, तिथूनच ते मजल्यांना हाका मारणार.

टोपण लावलं. काटा शून्य. टोपण काढून अँटेना जोडली, आणि चकती मुंबईच्या स्टेशनवर नाही, तर त्याच्या अगदी शेजारी लावली, जिथे काहीच ऐकू यायला नको.

“सगळे बंद!” सेक्रेटरी ओरडले. टीव्ही बंद, बूस्टर बंद, ताईंचं मशीन बंद. अख्खी इमारत गप्प झाली. कुठल्यातरी स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली तेवढीच. काटा जवळजवळ शून्यावर.

“ताई, मशीन!”

काटा हलला. थोडासा. मी तिवईची जागा बदलून तीन-चार ठिकाणी परत पाहिलं, कारण एका जागेच्या आकड्यावर विसंबायचं नाही हे मला आता कळलं होतं. सगळीकडे तसाच, थोडासा. मग पहिल्या मजल्याला जरा वेळ टीव्ही लावायला सांगितले, तर ताईंच्या बरोबर वरच्या घरात हलकी जाळी दिसली, बाकी कुठे काही नाही.

“मशीन बंद, टीव्हीही परत बंद. आता पहिला मजला!”

पहिला मजला चालू झाला. काटा स्वस्थ. दुसरा मजला. स्वस्थ. मग तिसऱ्या मजल्यावरचं एकेक घर. पहिलं, दुसरं. तिसरं घर चालू झालं, आणि काटा सरळ वर चढून तिथेच थरथरत राहिला. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “आले! पट्टे आले!” दुसऱ्या मजल्यावरूनही तेच.

“ते घर बंद करायला सांगा.”

पट्टे गेले. परत चालू, परत आले. सेक्रेटरी जिन्याच्या तोंडाशी नुसते उभे होते. “तिथे आजी एकट्या राहतात हो,” ते म्हणाले.

आम्ही खाली गेलो. आजी निवृत्त शिक्षिका होत्या, पायाने अधू, कानाला थोड्या जड. मुलगा परगावी. त्याने जाण्याआधी टीव्ही आणि बूस्टर बसवून दिला होता. टीव्ही चालू होता, आणि त्यांच्याही पडद्यावर पट्टेच पट्टे. त्यांच्या बूस्टरची डबी बिघडली होती. आलेल्या लहरींचा जोर वाढवण्याऐवजी ती स्वतःच लहरी सोडत होती, आणि सगळ्या गच्चीला त्रास देत होती. संध्याकाळी दिवेलागणीला त्या टीव्ही लावायच्या, सोबत म्हणून. रविवारी सकाळी इतर सगळ्यांसारखाच.

“आजी, तुम्ही कधी तक्रार नाही केलीत?” मी मोठ्याने विचारलं. “पट्टे दिसत नव्हते?”

“दिसत होते की गं. मला वाटलं माझ्या मोतीबिंदूमुळे. डॉक्टर म्हणालेत, पिकला की ऑपरेशन करू. मी म्हटलं, मग जातील पट्टे.”

 आजी आमच्याकडे एकेक करून बघत होत्या. “माझ्यामुळे काही झालं का?” त्यांनी विचारलं. तेव्हा ताई, ज्या आमच्या मागोमाग वर आल्या होत्या, पुढे झाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. “काही नाही झालं. डबी बिघडलीय तुमची. बदलून घेऊ.” ज्या बाईची जागा जायची वेळ आली होती, ती हे म्हणाली. सेक्रेटरी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला घेतला आणि अडले. आजींचा बूस्टर मुख्य कारण, हे स्पष्ट होतं. पण मशीनमुळेही काटा थोडा हलला होता. ते लिहिलं तर ताईंना त्रास होईल अशी मला भीती वाटत होती. मी सरांना विचारलं.

“हलला ना? मग लिही. जेवढा हलला तेवढा. कमी नको, जास्त नको.” मग ते म्हणाले, “अगं, तो भाग लिहिलास तरच बाकीच्या भागावर ते विश्वास ठेवतील.”

मी ताईंना आधी सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, “काय करता येईल?” मशीनला नीट अर्थिंग, लाइनवर वायरीतली घाण अडवणारा एक फिल्टर, आणि जागा बदलून रस्त्याकडच्या भिंतीला. फिल्टर सरांनी शेडमध्ये बसून स्वतः बनवला आणि मला म्हणाले, सही तुझी कर, मोजलंस तू. अहवालाखाली एकट्या माझी सही असण्याची ती पहिली वेळ.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी अहवाल मोठ्याने वाचला. मशीनचा थोडा त्रास असल्याचा भाग आला तेव्हा सभा गप्प झाली आणि त्यानंतरचं सगळं कान देऊन ऐकलं गेलं. नोटीस मागे घेतली गेली. सेक्रेटरी सर्वांसमोर ताईंना म्हणाले, “आमचं चुकलं.” घाईत नाही, तोंड फिरवून नाही. मी त्या माणसाबद्दल पहिल्या दिवशी जे मत केलं होतं ते मला बदलावं लागलं, आणि बदलताना बरं वाटलं.

आजींचा बूस्टर काढला त्या संध्याकाळपासून नवा येईपर्यंत त्यांच्या घरात टीव्ही दिसणार नव्हता. तेवढे दिवस वेगवेगळ्या घरांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं. त्यांचा पाय अधू, म्हणून दोघं जण खुर्चीसकट त्यांना जिन्यातून न्यायचे. नवा बूस्टर आला तरी हे पुष्कळ दिवस चालू राहिलं, कारण आजींना त्याची गोडी लागली होती, आणि इमारतीलाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई त्यांच्याबरोबर गेल्या.

माझं पुढचं आयुष्य त्या कामातच गेलं. इस्पितळं, कारखाने, प्रयोगशाळा, कुठलं मशीन कुणाला त्रास देतंय ते शोधायचं. दशकभरात केबल आली, गच्च्यांवरचं अँटेनांचं रान उतरलं, नव्या तक्रारी सुरू झाल्या. सरांनी शेड बंद केली तेव्हा शेवटच्या दिवशी आम्ही सगळे चहाला थांबलो. मी त्यांना म्हटलं, “सर, तेव्हा तुम्हीच आला असतात तर अर्ध्या तासात बूस्टर सापडला असता. मला का पाठवलंत?”

ते हसले. “मी आलो असतो तर बूस्टर सापडला असता, बरोबर आहे. पण ताई तुझ्या आईच्या होत्या. मला वाटलं, सुटका तुझ्या हातून व्हावी.”

मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखा चष्मा काढला, पुसला, आणि या वेळी पुष्कळ वेळ परत घातला नाही.